क्लायंबरचा तळ, सॅडलची बैठक: एका बदलाच्या नोंदी

रविवार, २१ जुलै २०२४

आग्नेय मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, म्हणजे हाताशी दहा आठवडे आहेत. गॅरेजमध्ये गेली सहा वर्षे वापरलेला, झाडावर चढता येणारा ट्रीस्टँड पडून आहे. त्याला येथे सगळे ‘क्लायंबर’ म्हणतात. त्याचे दोन स्वतंत्र भाग असतात. वरच्या भागावर बसायचे आणि खालच्या भागावर पाय ठेवायचे. प्रत्येक भाग खोडाभोवती घातलेल्या, रबराचे वेष्टण असलेल्या पोलादी केबलने धरलेला असतो, आणि सुरवंट जसा आलटून पालटून पुढे सरकतो तसे बसत-उठत माणूस वर जातो. दोन्ही भाग मिळून वजन ९.२ किलो भरले, त्यात एकट्या खालच्या भागाचे ४.६ किलो आहे.

गेल्या हिवाळ्यात मी सॅडल घेतले. सॅडल म्हणजे कंबर आणि मांड्यांना आधार देणारी पट्ट्यांची झोळी. तिच्या पुढच्या बाजूला ‘ब्रिज’ नावाचा लहान दोर असतो, तो खोडाला बांधलेल्या ‘टेदर’ नावाच्या दोराला अडकवायचा, आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलून राहायचे. हा प्रकार नवा नाही. याच राज्यातले जॉन एबरहार्ट १९८०च्या दशकापासून अशाच झोळीतून शिकार करीत आले आहेत, फक्त गेल्या काही वर्षांत त्याचा बोलबाला वाढला. सॅडलवाल्यांना पाय ठेवायला खोडाला बांधायची छोटी फळी लागते आणि तिथवर चढायला काठ्यांच्या शिड्या लागतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत. क्लायंबरचा खालचा भाग मात्र आहे, आणि तो फळीही होऊ शकतो आणि शिडीही. बसण्याचा भाग घरी ठेवायचा, त्याचे काम सॅडलने करायचे, एवढीच कल्पना आहे.

आजचा बेत असा होता की तळाची चौकट, जी खोडापासून बाहेर ७० सेंटीमीटर जाते, ती ४० सेंटीमीटरवर कापावी आणि पुढचा आडवा दांडा पुन्हा वेल्ड करून घ्यावा. सॅडलमध्ये पाय खोडाजवळच असतात, मग बाहेरच्या तीस सेंटीमीटरचे ओझे कशाला वाहायचे?

रविवार, २८ जुलै

कापणे रद्द केले. कारखान्यात वेल्डिंगचे काम पाहणारा एक सहकारी आहे, त्याला चौकटीचे फोटो दाखवले. ही ६०६१-टी६ जातीच्या ॲल्युमिनियमची नळी दिसते, असे तो म्हणाला. या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. नवी असताना नळी सुमारे २७६ मेगापास्कल ताणापर्यंत कायमची वाकत नाही, पण वेल्डच्या शेजारचा पट्टा तापून मऊ पडतो आणि पुन्हा उष्णता-प्रक्रिया केली नाही तर तिथली ताकद निम्म्यावर किंवा त्याखाली येते. नेमक्या ज्या सांध्यावर माझे वजन यायचे तोच सांधा मी स्वतःच्या हाताने कच्चा करणार होतो. त्याच्या शब्दांत सांगायचे तर, मीही अभियंता आहे आणि मला हे माहीत असायला हवे होते. ते खरेच आहे. गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांवर मी अकरा वर्षे काम करतो आहे, आणि हीच चूक एखाद्या नवख्याने केली असती तर मी त्याला बसवून समजावले असते.

त्यामुळे एक नियम ठरवला आहे की मूळ चौकटीला कापणे, भोक पाडणे किंवा वेल्ड करणे यांतले काहीही करायचे नाही. जे लावायचे ते काढता येईल असेच लावायचे. कंपनीने दिलेली ३०० पौंडांची, म्हणजे १३६ किलोंची मर्यादा मूळ रचनेपुरती आहे आणि मूळ वापरापुरती आहे, हेही मी लिहून ठेवतो. ज्या क्षणी मी वापर बदलला त्या क्षणी त्या आकड्याचा आधार संपला. सुरक्षिततेचा सगळा भार टेदरवर राहील, आणि टेदर थेट खोडाला असेल, चौकटीला कधीच नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

आज कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि कापण्याचा बेत दुसऱ्याही कारणाने चुकीचा होता हे कळले.

क्लायंबर झाडाला चिकटतो तो घट्ट आवळल्यामुळे नव्हे. त्याची केबल सैलच असते, म्हणून तर तो वर सरकवता येतो. माणसाचे वजन खोडापासून दूर पडले की चौकट बाहेरच्या बाजूला खाली झुकू पाहते. त्यामुळे पलीकडची केबल खोडावर वरच्या बाजूला ताणली जाते आणि अलीकडची, खोडाला टेकणारी दातेरी पट्टी खालच्या बाजूला रुतते. हे दोन विरुद्ध दिशांचे दाब मिळून एक बलयुग्म तयार होते आणि त्या दाबांतून येणारे घर्षण वजन पेलते. हिशेब मांडला तर वजन समीकरणातून निघूनच जाते. खोडाच्या मध्यापासून वजनाचे अंतर हे, केबल आणि दातेरी पट्टी यांच्यातले उभे अंतर भागिले घर्षण-गुणांकाची दुप्पट, यापेक्षा जास्त असले पाहिजे, एवढीच अट उरते. माणूस ५० किलोचा असो की १०० किलोचा, चौकट धरेल की घसरेल हे पाय कुठे आहेत त्यावर ठरते.

बसण्याच्या भागासह क्लायंबर वापरताना ही अट आपोआप पाळली जाते, कारण माणूस झाडाकडे पाठ करून चौकटीच्या मध्यावर किंवा त्याही पुढे पाय ठेवतो. सॅडलमध्ये मात्र तो झाडाकडे तोंड करतो, पाय खोडाजवळ आणतो, आणि त्याच्या वजनाचा बराच भाग टेदर घेतो. त्यातच मागे रेलल्यामुळे पाय चौकटीला खाली दाबतात तसे झाडाकडेही ढकलतात, आणि हे ढकलणे केबलचा ताण आणखी उतरवते. म्हणजे ज्या तरफेवर हे यंत्र उभे आहे तीच तरफ सॅडल काढून घेते. बाहेरचे तीस सेंटीमीटर कापले असते तर उरलीसुरली तरफही गेली असती.

रविवार, ११ ऑगस्ट

मोजमापे. मागच्या अंगणात लाल ओकचे एक झाड आहे. छातीच्या उंचीला त्याचा व्यास २८ सेंटीमीटर आहे आणि साल घट्ट आहे. चौकट जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर बसवली. केबल आणि दातेरी पट्टी यांच्यातले उभे अंतर १८ सेंटीमीटर भरले. वजनासाठी पाणी मृदू करण्याच्या यंत्राला लागणाऱ्या मिठाच्या चार पिशव्या वापरल्या. प्रत्येक पिशवी ४० पौंडांची, म्हणजे सर्व मिळून साधारण ७२ किलो झाले. खोडावर पट्टीच्या खाली खडूची रेघ ओढली आणि पिशव्या बाहेरून आत सरकवत गेलो.

पिशव्यांचा मध्य सालीपासून २० सेंटीमीटरवर असताना चौकट हलवूनही रेघ सुटली नाही. १२ सेंटीमीटरवर किंचित करकर झाली. ८ सेंटीमीटरवर आणून कडेला हाताने एक झटका दिला आणि सगळा ढीग खाली बसला. सालीपासून ८ म्हणजे खोडाच्या मध्यापासून २२ सेंटीमीटर. त्यावरून घर्षण-गुणांक ०.४१च्या आसपास येतो. दात सालीत किती रुततात यावर तो बदलणार, त्यामुळे हा आकडा या झाडापुरताच आहे, पण पाय कुठे ठेवायचे नाहीत हे सांगायला तो पुरेसा आहे.

मग स्वतःला तोलले. टेदर बांधला, पायाखाली लाकडी खोक्यावर न्हाणीघरातला वजनकाटा ठेवला. कपड्यांसह माझे वजन ८० किलो आहे. पाय ताठ ठेवून थोडे रेलले तर काटा ६१ दाखवतो, गुडघे खोडाला टेकवून झोळीत बसले की ३४. म्हणजे बसलेल्या स्थितीत निम्म्याहून अधिक भार टेदरवर असतो. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हे पाहिले आणि काही न विचारता परत आत गेल्या.

रविवार, १८ ऑगस्ट

आजची नोंद लाजिरवाणी आहे. चौकट त्याच उंचीवर होती. टेदर चेहऱ्याच्या उंचीला. समोर आणि डावीकडे धनुष्य ओढून पाहिले, सगळे ठीक होते. मग उजवीकडे वळलो. उजव्या हाताने ओढणाऱ्याला उजवी बाजू अडचणीची असते. टेदरखालून वळताना एक पाय चौकटीच्या बाहूवर, खोडाला जवळजवळ लागून ठेवावा लागतो. तसा ठेवला आणि दुसरा पाय उचलला त्याच क्षणी चौकटीचे बाहेरचे टोक वर उसळले, केबल सैल झाली आणि सगळे पायाखालून निघून गेले. मी सॅडलमध्ये लटकत राहिलो, गुडघा सालीवर खरवडला. जमीन चाळीस सेंटीमीटरवर होती म्हणून हसू आले. सहा मीटरवरही मी टेदरवरच लटकलो असतो, पण उतरायचे कसे, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला असता, आणि तो जमिनीवरच पडावा हे बरे.

दोन निर्णय. चौकट सॅडलला चार मिलिमीटरच्या दोरीने कायम बांधलेली असेल, म्हणजे पायांतून निसटली तरी ती खाली जाणार नाही. आणि उतरण्यासाठी स्वतंत्र दोर व त्याचे उपकरण कमरेला असेल, पिशवीत नाही.

रविवार, २५ ऑगस्ट

चौकटीला कायमचा ताण द्यायचा, म्हणजे पाय कुठेही असले तरी दाब टिकेल, हे आता स्पष्ट आहे. तो कसा द्यायचा यावर आठवडाभर विचार केला.

पहिली युक्ती तंबूच्या ताणासारखी होती. चौकटीच्या बाहेरच्या टोकापासून तिरका पट्टा खाली खोडापर्यंत न्यायचा आणि ओढायचा, म्हणजे त्या टोकावर जणू कुणी कायम बसलेले आहे असे होईल. गणितात ही फार देखणी आहे. प्रत्यक्षात तो पट्टा पायाखाली साठ सेंटीमीटरवर खोडाभोवती घालावा लागतो, आणि सॅडलमध्ये उकिडवे बसून माझा हात तिथवर पोचत नाही. तीन वेळा प्रयत्न केला, तिसऱ्या वेळी तोंडावर साल घासली आणि ही युक्ती सोडली.

दुसरी युक्ती साधी आहे. दातेरी पट्टीच्या उंचीवरच एका बाहूपासून खोडाला वळसा घालून दुसऱ्या बाहूपर्यंत आडवा पट्टा न्यायचा आणि चौकट खोडावर आवळायची. सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा घरात होता, तो लावला. घट्ट बसतो, पण प्रत्येक दाताला ‘कट’ असा आवाज करतो. ओकच्या शांत रानात हा आवाज हरणाला किती लांबून ऐकू जाईल ते मला मोजायचे नाही. त्याऐवजी कॅम बकल घेतले. त्यात पट्टा हाताने ओढायचा आणि सोडला की दातेरी जीभ त्याला धरते. आवाज नाही, फक्त ताण रॅचेटपेक्षा कमी येतो.

ताण किती येतो? भारतात जाताना बॅगा तोलायचा हातकाटा प्रत्येक मराठी घरात असतोच. तो पट्ट्याच्या एका बाजूत अडकवला. अंगाच्या जोरावर ओढून ३५ किलो मिळाले. दोन्ही बाजू मिळून चौकट खोडावर ७० किलोंनी दाबली जाते, आणि घर्षण-गुणांक ०.४१ धरला तर दातेरी पट्टीपाशी २९ किलोंचे घर्षण नुसत्या ताणातून मिळते. खोडामागे पट्टा स्वतःही साल धरतो, ते वेगळे. माझे पूर्ण वजन यावर पेलणार नाही, आणि ते पेलावे अशी अपेक्षाही नाही. पाय जागा बदलतात त्या दोन सेकंदांत चौकट खोडाला धरून राहावी, एवढेच या पट्ट्याचे काम आहे.

सोमवार, २ सप्टेंबर, कामगार दिनाची सुट्टी

रात्री पाऊस पडला. काल आवळून ठेवलेला पट्टा सकाळी बोटाने हलत होता. तो नायलॉनचा आहे, आणि नायलॉन भिजला की ताणतो. पॉलिस्टर बराच कमी ताणतो. पॉलिस्टरचा २५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा मागवला. टेदरचा दोर तपासताना बकलपाशी कुठेही घासलेला नाही हे पाहिले.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. काम नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

नव्या पट्ट्यासह पुन्हा मिठाच्या पिशव्या. पिशव्या सालीपासून ८ सेंटीमीटरवर, कडेला तोच झटका, दहा वेळा. खडूची रेघ जागेवरच राहिली. मग मी स्वतः उभा राहिलो आणि १८ ऑगस्टला जिथे फसलो होतो तीच हालचाल, पाय बाहूवर, दुसरा पाय उचललेला. बाहेरचे टोक बोटभर उठले आणि थांबले.

उरलेली कामे एका दुपारीच झाली. नळ्यांच्या वरच्या कडांवर स्केटबोर्डची खरखरीत पट्टी चिकटवली, कारण सॅडलमध्ये तळव्यापेक्षा बुटाची कड जास्त वेळ टेकते. धातू धातूला लागतो तिथे हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती कापडी टेप लावली. या राज्यात ती किराणा दुकानातही मिळते. पायांनी चौकट उचलता यावी म्हणून दोन्ही बाजूंना बुटात अडकतील असे पट्ट्याचे फास ठेवले.

हे फास बांधताना वेंगुर्ल्याच्या आजोळची आठवण झाली. माडावर चढणारा पाडेली दोन्ही पायांत दोराचा फास अडकवून झपझप वर जायचा, आणि त्याच्याकडे टेदर, ब्रिज, काहीच नसायचे. पुढे केरळातल्या धर्तीचे, दोन भागांचे चढण्याचे यंत्र आमच्याकडेही आले, त्यातही पोलादी केबलच खोड धरते आणि आलटून पालटून पाय उचलायचे असतात. क्लायंबर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला तो यामुळेच. मचाण हा शब्द आपलाच, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याचा शिकारीशी संबंध सुटत गेला. आता तो शेताच्या राखणीपुरता आणि अभयारण्यातल्या प्राणिगणनेपुरता उरला आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर

वॉटरलू रिक्रिएशन एरियामध्ये पहिली पूर्ण चढाई. सरकारी जमीन आहे, म्हणून खोडात खिळा किंवा स्क्रू घुसवायला मनाई आहे. आपल्या पद्धतीत त्याची गरजच नाही. स्टँडवर नाव-पत्ता असावा लागतो, तो धातूच्या पट्टीवर कोरून लावला.

झाड निवडायला अर्धा तास गेला. शॅगबार्क हिकरी सरळसोट होती, पण तिच्या सालीच्या ढलप्या हातात येतात, तिथे दात साल धरतील आणि साल झाड सोडेल. ॲस्पेन गुळगुळीत. शेवटी ३० सेंटीमीटरचा लाल ओक सापडला, पहिली फांदी सात मीटरवर.

चढण्याची रीत अशी बसली आहे. चौकटीवर उभे राहून टेदर हाताला पोचेल तितका वर सरकवायचा, सॅडलमध्ये पूर्ण वजन टाकायचे, बूट फासांत अडकवून गुडघे पोटाकडे घ्यायचे म्हणजे चौकट बाहेरून उचलली जाऊन सुटते आणि वर येते, मग टाचा दाबून ती बसवायची आणि उभे राहायचे. प्रत्येक खेपेला ३० ते ३५ सेंटीमीटर उंची मिळते. साडेपाच मीटरला सतरा खेपा लागल्या. बसण्याच्या भागासह याहून कमी लागायच्या आणि पोटाच्या स्नायूंना एवढा त्रास व्हायचा नाही, हे मान्य केले पाहिजे. टेदरमध्ये ढिलाई ठेवायची नाही, ही एकच गोष्ट मी स्वतःशी पुटपुटत होतो, कारण सॅडल टांगून राहण्यासाठी आहे, ढिल्या दोरावर पडून झटका खाण्यासाठी नाही.

वर पोचल्यावर उकिडवे बसून पट्टा आवळला. पाठीवर वाहिलेले ओझे, सॅडल आणि दोर धरून, पूर्वीपेक्षा सुमारे अडीच किलोंनी कमी झाले. मला चार वाचतील असे वाटले होते.

रविवार, १३ ऑक्टोबर

नवरात्रात शिकारीला जायचे नाही असे घरातले ठरलेले आहे, त्यामुळे ३ ऑक्टोबरपासून कालपर्यंतचे हंगामाचे दिवस तसेच गेले. काल दसरा झाला. पूजेत बोल्ट आवळायचे पाने, हातकाटा आणि कॅम बकलचा पट्टा मांडला होता, धनुष्य मुलीने आणून ठेवले.

आज दुपारी त्याच ओकवर साडेपाच मीटरवर होतो. साडेतीन तास. सुरुवातीला वारा उत्तरेकडून होता, नंतर पडला. सूर्य मावळायला थोडा वेळ असताना एक मादी आणि तिच्यामागे यंदाचे पाडस उजवीकडून आले. ओकाची फळे वेचत ती दोघे अठरा मीटरवर थांबली, अगदी माझ्या अडचणीच्या बाजूला. पाय बाहूवर ठेवला, दुसरा उचलला, वळलो. चौकटीतून आवाज आला नाही. मादीने मानही वर केली नाही. पाडस तिला लागूनच होते आणि बाजूला होईना, म्हणून धनुष्य ओढले नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायद्याची वेळ संपली तोवर ती दोघे दलदलीकडे निघून गेली होती.

उतरण्यापूर्वी डोक्यावरच्या दिव्यात खडूची रेघ पाहिली. दातेरी पट्टी रेघेपासून ४ मिलिमीटर खाली आली आहे, सगळी एका बाजूला, उजवीकडे. पट्ट्याचा ताण हातकाट्यावर ३५ वरून ३१ झाला. घरी आल्यावर दिसले की बाहूच्या ओतीव कोपऱ्यावर पट्ट्याची कड घासून तिचे धागे उसवले आहेत, सहा सेंटीमीटर लांबीत. पट्टा बदलायला हवा आणि त्या कोपऱ्यावर चामडे हवे. जुन्या कोल्हापुरी चपलेचा तळ कापून पाहिला, जाडी बरोबर बसते. मंगळवारी शिवतो.